कलावंतांनी मिळून काम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कवी आणि संगीतकार, लेखिका आणि चित्रकार, नर्तक आणि वादक, दोन शिल्पकार. कुणीही मिळून काही घडवायचं ठरवलं की अडचणी साधारण त्याच येतात. खालची उत्तरं एका ठाम मतातून लिहिली आहेत. मिळून काम करायचं म्हणजे आपल्या कामाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा. नाव, पैसे, करार याबद्दल आधी बोलून घ्यायचं ते एवढ्यासाठीच, की तो हात लागताना कुणाच्या मनात धास्ती राहू नये.

सहनिर्मिती नेमकं कशाला म्हणायचं?

मित्राने हस्तलिखित वाचून चार सूचना केल्या, ही मदत झाली. तुम्ही सांगितलंत तसं मुखपृष्ठ एखाद्या चित्रकाराने मानधन घेऊन करून दिलं, हे करून घेतलेलं काम झालं. सहनिर्मितीत दोघांनाही एकमेकांचं काम बदलायला लावण्याचा हक्क असतो. समोरच्याने जे केलं त्यामुळे तुम्हाला तुमचं काही मोडून पुन्हा करावं लागलं का, आणि तुमच्यामुळे त्याला? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर ती सहनिर्मिती.

तिन्ही प्रकार आपापल्या जागी चांगले आहेत. आपण त्यातलं काय करतोय हे मात्र पहिल्याच भेटीत मोकळेपणी बोलून घ्या. एकाला वाटत असतं आपण भागीदार आहोत, दुसऱ्याला वाटत असतं आपण याच्याकडून काम करून घेतोय, आणि हे उघड होतं ते छापलेली प्रत हातात आल्यावर.

मोठे कलावंत एकट्यानेच काम करतात ना? दोघांचं काम कमअस्सल ठरत नाही का?

नाही. एकट्या प्रतिभावंताची प्रतिमा आपल्या मनात फार घट्ट बसली आहे, पण कलेचा इतिहास तसा नाही. नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आदम आणि ईव्हचं, साधारण १६१५ सालचं एक चित्र आहे. त्यातली माणसं, झाड, घोडा आणि साप चित्रकार रुबेन्सने रंगवले. बाकीची हिरवाई आणि पशुपक्ष्यांची गर्दी दुसऱ्या चित्रकाराची, थोरल्या यान ब्रूगलची. दोघंही त्या वेळी नावाजलेले होते, आणि चित्रावर सह्याही दोघांच्या आहेत. रुबेन्सच्या सहीसोबत आकृत्या त्याच्या असल्याचा उल्लेखही आहे. अशी सुमारे दोन डझन चित्रं त्यांनी मिळून केली.

अकबराच्या चित्रशाळेत 'हम्जानामा' या पराक्रमकथांच्या ग्रंथासाठी सुमारे १४०० चित्रं तयार झाली. आधी मीर सय्यद अली आणि मग अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली हे काम जवळपास १५ वर्षं चाललं. त्यानंतरच्या 'अकबरनामा'च्या सचित्र प्रतीत चित्राच्या कडेला नावांची नोंद सापडते: आखणी कुणाची, रंगकाम कुणाचं, आणि कधीकधी चेहरे कुणी केले तेही. चारशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजच्या कित्येक श्रेयनामावल्यांपेक्षा चोख आहे. उलट लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी उकियो-ए चित्रांवर चित्रकाराचं नाव असतं, बहुतेकदा प्रकाशकाची खूणही असते, पण लाकडात केसांची एकेक बट उठवणाऱ्या कोरक्याचं नाव क्वचितच दिसतं. चित्र आपल्याला भावतं ते त्या हातामुळेही, ही गोष्ट मला तरी सोडवत नाही.

जोडीदार कसा निवडायचा?

शैली वेगळी असेल तर चिंता करू नका; बऱ्याचदा तीच जमेची बाजू असते. बघायची ती कामाची सवय. एक जण रोज थोडंथोडं करणारा आणि दुसरा शेवटच्या रात्री जागून सगळं संपवणारा असेल, तर दोघंही गुणी असून एकमेकांना वैतागतात.

निवड करताना त्या व्यक्तीचं एखादं अर्धवट काम दाखवायला सांगा आणि आपलंही दाखवा. पूर्ण झालेल्या कामातून हातातलं कसब कळतं. माणूस विचार कसा करतो आणि दुसऱ्याला त्यात डोकावू देतो का, हे अर्धवट कामातून कळतं. जो कच्चा खर्डा दाखवायलाच तयार नाही, त्याच्याशी मिळून काम करणं जड जाईल. आणखी एक: तो आधीच्या जोडीदारांबद्दल कसं बोलतो ते ऐका. सगळेच वाईट निघाले असतील, तर जरा थांबा.

जिवलग मैत्रिणीबरोबर काम करावं का?

जरूर करावं. फक्त "आपल्यात कसला हिशेब?" असं म्हणून विषय टाळू नये. परक्या माणसाशी आपण पैशाचं आणि नावाचं बोलतोच. मैत्रीत ते राहून जातं, आणि मग एका चुकलेल्या हिशेबात काम आणि मैत्री दोन्ही जातात.

सुरुवात कुठून करायची? आमच्या डोक्यात मोठा प्रकल्प आहे.

मोठा प्रकल्प बाजूला ठेवा आणि आधी थोड्या दिवसांत संपेल असं काहीतरी छोटं करा. एक गाणं, एक चित्र, दोन पानांची चित्रकथा. ते गाजावं अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याला एकमेकांचा 'नाही' ऐकता येतो का, एवढं त्यातून कळलं तरी पुरे.

जुने खेळही कामी येतात. रेंगा या जपानी साखळी-कवितेत एक कवी ५-७-५ अक्षरांची कडी रचतो, दुसरा ७-७ ची जोडतो, आणि साखळी पुढे जाते. १४८८ साली सोगी, शोहाकू आणि सोचो या तिघांनी अशी १०० कड्यांची साखळी रचली, ती आजही आदर्श मानली जाते. त्यातली खुबी अशी, की प्रत्येक कडी आधीच्या कडीला धरून असली तरी त्याच्याही आधीच्या कडीपासून दूर जायला हवी. म्हणजे कुणालाही आपली कल्पना रेटत नेता येत नाही. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधल्या अतिवास्तववादी मंडळींनी कागदाची घडी घालून, आधीच्याने काय काढलंय ते न बघता पुढचं चित्र काढायचा खेळ सुरू केला. एका संध्याकाळी दोन्ही करून बघा.

काम वाटून कसं घ्यायचं?

एक पद्धत आलटून पालटून काम करण्याची: मी करतो, तुझ्याकडे देतो, तू परत देतेस. दुसरी, एकाच वेळी एकाच कागदावर. ही सगळ्यात दमवणारी, पण जमली तर सगळ्यात आनंदाची. तिसरी रुबेन्स आणि ब्रूगलसारखी, ज्याचा ज्यात हातखंडा ते त्याचं.

चौथी पद्धत फारशी कुणाला सुचत नाही. नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी नृत्य आणि संगीत एकमेकांपासून स्वतंत्र रचलं. ठरलेला असायचा तो मुख्यतः वेळ. पुष्कळदा नर्तकांना संगीत पहिल्यांदा ऐकू यायचं ते थेट प्रयोगातच. दोघांपैकी कुणी दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करत नव्हतं, आणि तरी समोर दिसायचं ते एकट्या कुणाचंच नसायचं. ज्यांचं सारखं चर्चेत अडतं, अशा जोड्यांनी ही पद्धत एकदा अजमावून बघावी.

पद्धत कुठलीही असो, सुरुवातीला ठरली म्हणून शेवटपर्यंत तीच ओढत नेऊ नका. कामाच्या मध्यावर एकदा बसून ती बदलायची का हे विचारा.

त्याने माझ्या ओळीत परस्पर बदल केला. मला फार राग आला. मी चुकतेय का?

राग बरोबर आहे. पण तो बदलाचा आहे की 'परस्पर'चा, हे आधी तपासा.

एक प्रसंग कल्पू. गीतातली एक ओळ 'पाऊस' या शब्दावर संपते. संगीतकाराला तिथे सूर लांबवर धरायचा आहे. शब्दाच्या शेवटी 'स' आहे, त्यावर सूर टिकत नाही; गायिकेला 'ऊ' ताणावा लागतो आणि मग 'स' घाईने टाकावा लागतो. संगीतकार म्हणतो, इथे 'धारा' करू, शेवटी 'आ' येईल, मोकळा आकार मिळेल. गीतकार म्हणते, मला धारा नकोत, पाऊस हवाय, आणि माझं यमक जातं त्याचं काय?

इथे संगीतकाराने 'धारा' बसवून ध्वनिमुद्रण उरकलं, तर गाणं होईल, जोडी मोडेल. गीतकाराने 'शब्दाला हात लावायचा नाही' अशी अट घातली, तर शब्द राहील आणि सूर तिथे आखडेल. दोघं अर्धा तास बसली तर कदाचित ओळ फिरवून 'पाऊस आला' वर आणता येईल. पाऊस राहिला, आकारही मिळाला, आणि यमकासाठी आधीची ओळ गीतकाराने स्वतः बदलली. ही ओळ दोघांपैकी कुणीच घेऊन आलं नव्हतं. एकट्याने जे सुचलं नसतं ते दोघांच्या अडचणीतून निघालं, आणि मला वाटतं मिळून काम करायचं ते अशा जागांसाठी.

मुलांच्या चित्रपुस्तकात हे पानोपानी घडतं. लेखक लिहितो, 'ती घाबरली'. चित्रात ती पलंगाखाली, फक्त पायाची बोटं बाहेर. चित्रकार म्हणते, हे वाक्य आता कशाला? लेखकाला आपलं वाक्य काढायचं जिवावर येतं. काढलं की पान बोलायला लागतं.

म्हणून एक नियम करा: बदल सुचवायचा हक्क दोघांना, पण करण्याआधी विचारायचं. मूळ प्रत जपून ठेवायची. आणि समोरच्याच्या कामावर बोलताना 'मला आवडलं नाही' इथे थांबायचं नाही. इथे माझं काय अडतंय, ते सांगायचं. 'सूर टिकत नाही' यावर उपाय शोधता येतो, 'आवडलं नाही' यावर फक्त वाद घालता येतो.

एकमत होतच नसेल तर शेवटचा शब्द कुणाचा?

हे भांडणाच्या आधी ठरवायचं. सोपा मार्ग म्हणजे ज्याचं माध्यम त्याचा शब्द: सुरांबाबत संगीतकाराचा, शब्दांबाबत कवीचा. माध्यम एकच असेल तर कामाचे भाग पाडून प्रत्येक भागासाठी एकाला अंतिम अधिकार द्या. दोघांच्याही मताची आवृत्ती करून बघणं वेळखाऊ असलं तरी फार उपयोगाचं. निम्मे वाद दोन्ही रूपं समोर आल्यावर आपोआप मिटतात. दोघांना अर्धवट पटेल अशी मधली तडजोड मात्र शक्यतो टाळा. ती कामात दिसते.

लेखी करार हवाच का? त्यातून अविश्वास दिसतो.

हवाच. करार समोरच्यावर विश्वास नाही म्हणून करायचा नसतो. दोन वर्षांनी आपल्याला काय आठवेल याची खात्री नसते, म्हणून करायचा. वकिली भाषा लागत नाही. साध्या भाषेतलं, दोघांनी सही केलेलं एक पान बऱ्याच कामांना पुरतं. रक्कम मोठी असेल किंवा प्रकाशक, निर्माता मध्ये असेल तर मात्र जाणकार वकिलाला दाखवा.

त्या पानावर काय असावं? कोण काय करणार आणि कधीपर्यंत. नावं कशी लागणार. खर्च कोण करणार, उत्पन्न कसं वाटणार. काम कुठे दाखवायचं, विकायचं, याला दोघांची संमती लागेल की एकाची चालेल. कुणी मध्येच सोडलं तर झालेल्या कामाचं काय. आणि कुणी दगावलं तर काय, हेही. विषय अप्रिय आहे, पण क्रिस्टो आणि जाँ-क्लोद या कलावंत जोडप्याचं पाहा: जाँ-क्लोद २००९ मध्ये गेली, क्रिस्टो २०२० मध्ये, आणि पॅरिसची आर्क द त्रियोंफ ही कमान कापडात गुंडाळण्याचं त्यांचं काम २०२१ मध्ये दोघांच्या नावाने पुरं झालं. मागे राहिलेल्यांना काय करायचं हे माहीत होतं, म्हणूनच ते झालं.

नावं कशी लावायची? क्रम कसा ठरवायचा?

वर्णानुक्रम, आलटून पालटून किंवा कामाच्या वाट्यानुसार, काहीही चालेल. दोघांना आधी मान्य असलं म्हणजे झालं. बीटल्स या बँडमधल्या लेनन आणि मॅकार्टनी यांनी तरुणपणीच ठरवलं होतं की गाणं कुणी एकट्याने लिहिलेलं असलं तरी दोघांचीच नावं लागतील. अशा कराराने रोजची कुरबुर मिटते. पुढे नावांच्या क्रमावरून कुरबूर झालीच, तेव्हा क्रमही लिहून ठेवा.

क्रिस्टो आणि जाँ-क्लोद यांची मोठी कामं कित्येक वर्षं एकट्या क्रिस्टोच्या नावावर होती. १९९४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की बाहेरच्या जागांवर उभारलेली आणि मोठ्या आकाराची सगळी कामं, मागची धरून, दोघांची आहेत. उशिरा का होईना, श्रेय दुरुस्त करता येतं. तुमच्या जुन्या कामात कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर पुढच्या आवृत्तीत घाला. शिकाऊ मदतनिसाचंही नाव घाला. त्याला त्याचं मोल तुमच्यापेक्षा जास्त असतं.

पैसे कसे वाटायचे?

आधी खर्च वजा करा, मग वाटा. ठोस कारण नसेल तर समान वाटणी उत्तम. तास मोजत बसू नका: एकाला आठवडा लागलेलं काम आणि दुसऱ्याला एका सकाळी सुचलेली चाल यांची तुलना होत नाही. एकरकमी मानधन आणि पुढे येत राहणारं उत्पन्न यांच्या वाटण्या वेगळ्या असू शकतात, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या लिहा. आणि हे सगळं पैसा यायच्या आधी.

कायदा काय सांगतो?

देशोदेशी तपशील बदलतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यासह अनेक देशांत संयुक्त कृती म्हणजे जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही अशी. कविता एकाची आणि चित्रं दुसऱ्याची असतील, तर बऱ्याच ठिकाणी ते दोन स्वतंत्र हक्क धरले जातात. कॉपीराइटबद्दलच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार संयुक्त कृतीच्या संरक्षणाची मुदत शेवटच्या हयात निर्मात्याच्या मृत्यूपासून मोजतात. भारतात ती ६० वर्षं आहे, युरोपीय संघात ७०. आर्थिक हक्क विकले तरी आपलं नाव राहावं आणि कामाची मोडतोड होऊ नये, हे नैतिक हक्क बर्न करारात वेगळे मानले आहेत.

एक फरक मात्र फार महत्त्वाचा. अमेरिकेत संयुक्त कृतीचा एक मालक दुसऱ्याला न विचारता ती वापरायची साधी, बिगर-एकाधिकार (म्हणजे इतरांनाही देता येईल अशी) परवानगी तिसऱ्याला देऊ शकतो. उत्पन्नातला वाटा मात्र द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये सगळ्यांची संमती लागते. जोडीदार दोन देशांत असतील, तर कुठला कायदा लागू होणार हे करारात लिहायलाच हवं.

जोडीदार काम करतच नाही. काय करू?

आधी विचारा. पुष्कळदा आळस नसतो. घरची अडचण असते, किंवा तुमच्या कामापुढे आपलं काम थिटं पडेल ही भीती. तारीख नव्याने ठरवा, भाग छोटा करा. तरीही हललं नाही, तर त्याचा भाग तुम्ही गुपचूप करून टाकू नका. त्याने मनात अढी बसते, आणि त्याला वाटत राहतं सगळं ठीक चाललंय.

आम्ही वेगवेगळ्या शहरांत आहोत. जमेल?

जमतं. एकच सामाईक फोल्डर, प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि कुणी बदल केला त्याचं नाव, जुन्या आवृत्त्या कधीच पुसायच्या नाहीत. चित्रात बदल सुचवायचा तर नव्या लेयरवर. 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं देऊ नका. आणि टीका शक्यतो बोलून करा. मेसेजमधली दोन कोरडी वाक्यं वाचणाऱ्याला दहापट कठोर वाटतात.

एकाने एआय वापरलं तर?

जोडीदाराला आधी सांगा, आणि त्याचं काम त्याच्या परवानगीशिवाय अशा साधनात टाकू नका. हक्कांचाही प्रश्न आहे: अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या मते निव्वळ यंत्राने घडवलेल्या भागाला संरक्षण मिळत नाही. म्हणजे एकाने न सांगता केलेल्या वापरामुळे दोघांचाही हक्क लंगडा पडू शकतो.

थांबायचं ठरलं तर कसं थांबावं?

जोडी आयुष्यभर टिकलीच पाहिजे असं काही नाही. चित्रकार पिकासो आणि ब्राक साधारण १९०८ ते १९१४ इतक्या जवळून काम करत होते, की त्या काळातली काही चित्रं कुणाची हे चटकन ओळखू येत नाही. पहिल्या महायुद्धाने ब्राकला सैन्यात नेलं आणि ते पर्व संपलं. त्या दोघांनी मिळून घडवलेली चित्रशैली, घनवाद, उरली.

स्वतःच्या शरीरानिशी प्रेक्षकांसमोर कला सादर करणारे मरीना अब्रामोविच आणि उले १९७६ पासून एकत्र काम करत होते. १९८८ मध्ये चीनच्या भिंतीच्या दोन टोकांकडून चालत येऊन ते मध्ये भेटले आणि तिथेच त्यांनी निरोप घेतला. इतका देखणा शेवट दुसऱ्या कुठल्या जोडीचा क्वचितच झाला असेल. पण एकत्र केलेल्या कामांचे पैसे आणि श्रेय यावरून पुढे उलेने दावा लावला. १९९९ मध्ये दोघांनी केलेला करार अब्रामोविचने मोडल्याचं मान्य करून २०१६ मध्ये डच न्यायालयाने त्याला अडीच लाख युरोंहून अधिक रक्कम देण्याचा निकाल दिला. वेगळं होताना नुसता निरोप पुरत नाही. मूळ प्रती कुणाकडे, विक्री कोण बघणार, हिशेब वर्षातून कधी द्यायचा, हे लिहून घ्या. करार असूनही वाद झाला हे खरं, पण तो सुटला तोही करार होता म्हणून.

वेगळं झाल्यावर माझा भाग मी स्वतंत्र वापरू शकते का?

तुमची कविता त्या चित्रांशिवाय उभी राहत असेल आणि करारात मनाई नसेल, तर साधारणपणे हो. आधी तो प्रकल्प कुठला होता आणि सोबत कोण होतं, हे नमूद करा. ओळी दोघांच्या हातून घडलेल्या असतील, वरच्या 'पाऊस आला' सारख्या, तर विचारल्याशिवाय वापरू नका. आता बोलणं उरलं नसलं तरी चार ओळींचं पत्र पाठवून संमती मागा, आणि उत्तर जपून ठेवा.